कारण सांगायचं नाही

आमच्या बिल्डिंगचं दार आपण स्वतः उघडायचं नसतं. ते डोअरमन उघडतो, टोपी आणि पांढरे हातमोजे घालून. आत संगमरवरी लॉबी, लिफ्टला पितळी दारं. मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइडची ही इमारत 1928 ची. म्हणजे इथल्या भाषेत 'प्री-वॉर', दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. जाड भिंती, उंच छत, लाकडी जमीन. पण लगेच जळू नका! आमचं घर मागच्या बाजूचं वन बेडरूम आहे आणि खिडकीतून दिसते ती शेजारच्या इमारतीची भिंत.

बाकी थाटाबरोबर ताप आलाच. वाफेचे जुने रेडिएटर जानेवारीत असे फुसफुसतात, की बाहेर बर्फ आणि आम्ही खिडकी उघडून टी-शर्टवर. घरात वॉशिंग मशीनला परवानगी नाही, कपड्यांचं गाठोडं घेऊन तळघरात जायचं.

आणि 'घर घेतलं' हे म्हणणंही तसं खोटंच. को-ऑपमध्ये अख्खी इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. आपण त्या कंपनीचे शेअर्स घ्यायचे, मग ती आपल्याला राहायला भाडेपट्टा देणार. वर महिन्याचा मेंटेनन्स. त्यात प्रॉपर्टी टॅक्स, डोअरमनचा पगार, इमारतीवरच्या कर्जाचा हप्ता, सगळं आलं. पण त्याआधी बोर्ड! 1985 मध्ये सॅन रेमो नावाच्या नामांकित को-ऑपने चक्क मॅडोनाला नकार दिला होता. तिथे आम्ही कोण?

आम्ही टॅक्स रिटर्न्स, बँक स्टेटमेंट्स, बॉसचं पत्र, मित्रांची पत्रं अशी जाडजूड फाइल दिली. मग मुलाखत. नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा टाय लावला. एका बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही रोज घरी स्वयंपाक करता?" मी म्हटलं, "छे, ऑफिसमधून यायलाच आठ वाजतात." त्याच सकाळी मी लसणाची फोडणी दिली होती. आम्ही पास झालो.

गेल्या वर्षी बोर्डावर एक जागा रिकामी झाली. कुणीच उभं राहीना, म्हणून मी राहिले. (हे मात्र थेट आपल्याकडच्या सोसायटीसारखं.) आणि मागच्या महिन्यात टेबलाच्या या बाजूला बसून मी पहिली फाइल वाचली. तपशील सांगत नाही, सांगायचे नसतात. आमच्याच वयाचं जोडपं, आकडे आमच्यापेक्षा बरे. मुलगी इतकी घाबरलेली, की पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसली होती. ते गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "छान आहेत, पण इथे फिट वाटत नाहीत." 'फिट' म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. हात वर झाले. माझा सगळ्यात शेवटी, पण झाला. त्यांना दोन ओळींचं पत्र गेलं. कारण नाही. वंश, धर्म वगैरेंवरून नाकारणं बेकायदा आहे, पण एरवी इथे बोर्डाला कारण द्यावं लागत नाही, आणि वकील तर म्हणतात, देऊच नका.

बाबा मुलुंडच्या आमच्या सोसायटीचे चौदा वर्षं सेक्रेटरी होते. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं, आपल्याकडे असं नाही चालत. पुरेसं कारण लागतं. आणि तीन महिन्यांत उत्तर कळवलं नाही, तर माणूस आपोआप मेंबर होतो. कायदाच आहे."

"बाबा, तुम्ही कधी कुणाला नाही म्हणालात?"

"म्हणायचं होतं एकदोघांना," ते म्हणाले. "पण लिहायला बसलो की कारणच सुचायचं नाही."

शनिवारी भाजी घेऊन येताना लॉबीत तीच मुलगी दिसली. मुलाखतीच्या दिवशी विसरलेली छत्री न्यायला आली होती. मला पिशवीतली मेथी कुठे लपवू असं झालं. ती हसली. म्हणाली, "थँक यू हं. त्या दिवशी तुम्ही एकट्याच माझ्याकडे बघून हसत होतात."

मग डोअरमनने तिच्यासाठी दार उघडलं.