शेजारी जागा द्या

मुलांनो, घराचे मोल बेघर झालेल्यालाच खरे कळते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधील हजारो कुटुंबांना घरातून उचलून सोव्हिएत रशियाच्या अतिथंड प्रदेशांत धाडण्यात आले. तेथून सुटलेल्यांपैकी काहीजण इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती. छावणीत शाळा निघाल्या आणि भेदरलेली मुले पुन्हा धडे गिरवू लागली.

'आपल्याच घरी उणे असता परक्यांना आसरा कशाला?' असे कोणी विचारील. प्रश्न गैर नाही. त्याच १९४३ साली बंगालात दुष्काळाने लाखो माणसे दगावली. देशही परतंत्र होता. तरी वळिवड्यास शेजारधर्म सुटला नाही. आसरा देण्यास वाडा लागत नाही, अंगणही पुरते.

आजही अशी मुले आहेत. २०१७ साली म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून आले. त्यांतील बहुतेकांना त्यांची जन्मभूमी नागरिक मानीत नाही. छावणीत जन्मलेल्या बालकाचा यात अपराध कोणता? प्रत्येक बालकास नाव व नागरिकत्व मिळण्याचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार सांगतो. तो हक्क कागदावरून प्रत्यक्षात आणणे हे मोठ्यांचे कर्तव्य होय. तुमचे कर्तव्य अधिक जवळचे आहे: परगावाहून आलेले मूल वर्गात एकटे बसलेले दिसले, तर त्याला आपल्या शेजारी जागा द्या.