खुनाच्या तबकड्या आणि माशांच्या तबकड्या

गेल्या दिवाळीत आमचा भाचा बायकामुलांसह इंग्लंडाहून तोंडवलीस आला, तो एक खोके घेऊन. तिकडे धर्मादाय दुकानांत जुन्या डीव्हीडी कवडीमोलाने मिळतात. हल्ली त्यांना विचारतो कोण? आमच्याकडे मात्र तबकड्या फिरवणारे जुने यंत्र अजून शाबूत आहे. मामाची करमणूक होईल म्हणून त्याने अर्धे खोके रहस्यपटांनी आणि गुन्हेगारीच्या चित्रपटांनी भरले, उरलेले अर्धे कार्प नावाचा मासा गळाने कसा धरावा हे दाखवणाऱ्या तबकड्यांनी. तळी, पाऊस, तंबू आणि मासा.

खोके उघडताच आमची सौभाग्यवती आणि आमची ताई न्यायासनावर बसल्या. खुनाच्या तबकड्या कपाटावर, मुलांचा हात पोचणार नाही अशा. माशांच्या तबकड्या खाली, मुलांसाठी. एक करमणूक घातक, दुसरी निर्मळ. आरोपींचे म्हणणे ऐकून घेण्याची पद्धत आमच्या घरात नाही, म्हणून ते अपील मी येथे, वाचकांच्या दरबारात दाखल करीत आहे.

पहिली गोष्ट अशी, की नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट चिरडून, नरकासुराला मारल्याच्या आनंदात पोहे खाणाऱ्या घराने खुनाच्या गोष्टीचे इतके सोवळे पाळू नये. आपला सणच मुळी एका वधाचा आहे. पण त्या वधाला हिशोब आहे. कोण मेला, कोणी मारला, का मारला, हे पोरालाही ठाऊक असते. चांगल्या रहस्यपटाचे तेच तर काम! राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ साली आला, त्यावरून दोन वर्षांनी हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. मेलेल्या बायकोसारखी हुबेहूब दिसणारी बाई आरोपी म्हणून समोर उभी राहते, आणि पाहणारा खुर्चीच्या टोकाला येऊन विचारतो, खरे काय? हा प्रश्न विचारायला शिकवणारे चित्र मुलांना बिघडवते, असे मला तरी वाटत नाही.

‘दृश्यम’चे काय, असे ताई विचारते. प्रश्न रास्त आहे. निशिकांत कामत यांचा हा २०१५ सालचा हिंदी चित्रपट गोव्यात घडतो, म्हणजे आमच्या शेजारीच. त्यातला केबलवाला गृहस्थ चित्रपट पाहून पाहूनच आपल्या घरातला गुन्हा लपवायला शिकतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. पण तो पाहिला त्या रात्री आमच्या ओटीवर जेवणे थंड झाली. कोणी म्हणाले, बापाने बरोबर केले. कोणी म्हणाले, मेलेल्या मुलालाही आई होती. आमची सौभाग्यवती, जिला खुनाचे वावडे, ती त्या पोलीस अधिकारी आईची बाजू घेऊन तासभर भांडली! एका माणसाचा जीव गेला हे त्या चित्रपटाने कोणाला विसरू दिले नाही.

आता निर्मळ तबकड्यांकडे वळू. कार्प म्हणजे परका कोणी नव्हे. आपले रोहू, कटला, मृगळ त्याच कुळातले, आणि देशावरच्या धरणांत सोडतात तो सायप्रिनस तर साक्षात तोच. इंग्लंडात त्याचे वेड मोठे. रिचर्ड वॉकर नावाच्या गृहस्थाने १९५२ साली रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोंचा कार्प धरला, तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन ठेवला. आता मासा धरतात, ओल्या गादीवर निजवतात, वजन करतात, ओठाच्या जखमेला औषध लावतात, छायाचित्र काढतात आणि सोडून देतात. पुन्हा धरण्यासाठी! पीटरबरोजवळच्या तळ्यात ‘बेन्सन’ नावाची एक मादी होती. साठाहून अधिक वेळा तिच्या तोंडात गळ गेला. २००९ साली ती मेली तेव्हा वर्तमानपत्रांनी शोक केला, आणि आमिषातल्या कच्च्या दाण्यांनी विषबाधा झाली की काय, असा संशयही घेतला गेला. म्हणजे शेवटी रहस्यकथाच! पण साठ वेळा तोंड फुटले त्याबद्दल संशयित कोणीच नाही.

आमच्या भाच्याचा मुलगा दहा वर्षांचा. तबकड्या पाहून पाहून त्याला हुरूप आला. आमच्या गावाला एका अंगाने समुद्र, दुसऱ्या अंगाने खाडी. गरवायला जागेची वाण नाही. एका संध्याकाळी खाडीवर त्याने चांगले तळहाताएवढे काळुंदर धरले, माझ्याकडून मोबाइलवर फोटो काढून घेतला, माशाचे चुंबन घेतले आणि पाण्यात सोडले. रापणीत जन्म गेलेले एक म्हातारे शेजारी जाळे शिवीत बसले होते. ते म्हणाले, “खावचो नसलो तर धरलंस कित्याक रे, झिला?” मुलाने आपल्या मोडक्या मराठीत समजावले, की मी त्याला जीवदान दिले, आजोबा. म्हातारे हसले नाहीत. “तोंडाक भोक पाडून जीवदान? ह्येका काय म्हणूचा?”

मुलगा गप्प झाला. मीही झालो, कारण फोटो मी काढला होता.

भाच्याचे म्हणणे, मामा, तुम्ही मासे मारून खाता आणि सोडणाऱ्याला नावे ठेवता! हा वार वरवरचा नाही. आम्ही खातो, आणि खाल्लेल्या जिवाचे ओझे आमच्यावर आहे. लहान मासा सोडावा हेही मला मान्य. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, ती पाळली तर समुद्राचे भलेच होईल. पण लहान आहे, वाढू दे, म्हणून सोडणे वेगळे, आणि दुखवण्याचा खेळ उद्या पुन्हा खेळता यावा म्हणून सोडणे वेगळे. पहिल्यात माशाचा विचार आहे. दुसऱ्यात मासा चेंडू आहे.

माशांची तबकडी वाईटच असते असेही नाही. माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या प्रचंड, निरुपद्रवी मुशीची कत्तल कशी चालते ते ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात २००० साली दाखवले, आणि २००१ साली त्या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले. मासेमारीचे चित्र, पण बनावट अस्सल गुन्हेपटाची: इथे कोणीतरी मेले आहे, बघा. ताईच्या न्यायाने ही तबकडी कपाटाच्या वर की खाली, ते तिने सांगावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा त्या म्हाताऱ्यांबरोबर किनाऱ्यावर गेला. रापणीच्या दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. त्याला पाच बांगडे मिळाले. ते त्याने स्वतः घरी आणले, आजीने साफ करताना जवळ बसून पाहिले, मान फिरवली, पुन्हा पाहिले. दुपारी त्यातला एक त्याने खाल्ला, काट्यापर्यंत निपटून, आणि मला विचारले की कपाटावरच्या डीव्हीडीत नेमके काय आहे.

मी स्टूल आणायला उठलो, तर ताई आधीच दारात उभी.