कचेरींतील मेजवानी

डिसेंबर महिना उजाडला कीं कचेऱ्याकचेऱ्यांतून मेजवानीच्या वर्गण्या गोळा होऊं लागतात. बरोबर काम करणाऱ्या माणसांनीं वर्षाच्या अखेरीस एक दिवस संगणक मिटून एकत्र बसावें, चार घास खावे, थोडें हसावें, ही चाल आमच्या मतें चांगलीच आहे. वर्षभर एकमेकांच्या चुका काढणाऱ्यांस एकमेकांचे गुण दिसण्याचा प्रसंग एरवीं कितीसा येतो? परंतु आमच्या वाचकांच्या घरांतून मुलगा, मुलगी, सून अशीं दोन-तीन माणसें तरी नोकरीस असतात. आणि मेजवानीच्या रात्रीं त्यांची वाट पाहत जागणारीं वडील माणसेंही त्याच घरांत असतात. म्हणून या गोष्टीकडे केवळ मौज म्हणून न पाहतां यजमानधर्म म्हणून पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

पहिला विचार जागेचा. २०१७ सालीं डिसेंबरच्या २९ तारखेस, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईंत लोअर परळ येथील कमला मिलच्या आवारांत गच्चीवरील एका उपाहारगृहास आग लागून १४ माणसें प्राणांस मुकलीं. वाट न सांपडून कित्येकांनीं स्वच्छतागृहांत आसरा घेतला व तेथेंच धुरानें गुदमरून त्यांचा अंत झाला. २०२५ च्या डिसेंबरांत गोव्यांतील हडफडे येथील एका नृत्यगृहाच्या आगींत २५ माणसें गेलीं. त्यांत पुष्कळसे तेथेंच राबणारे नोकर होते. तेव्हां जागा ठरविणाऱ्यानें रोषणाई पाहण्याआधीं जिने पाहावे. बाहेर पडण्यास निदान दोन वाटा आहेत काय, त्या मोकळ्या आहेत कीं खुर्च्या-पेट्यांनीं अडल्या आहेत, छतास जळाऊ आच्छादन घातलें आहे काय, अग्निशमन दलाचा दाखला आहे काय, हे चार प्रश्न विचारण्यास संकोच कसला? मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपण याहून अधिक चौकशी करतों.

दुसरा विचार वर्गणीचा. साहेब आणि शिपाई यांच्याकडून सारखीच रक्कम घेणें दिसावयास समतेचें दिसतें; पण साहेबांस जी एका सायंकाळची किरकोळ बाब, ती शिपायाच्या घरचा आठवड्याचा किराणा असूं शकते, आणि ‘मला परवडत नाहीं’ हें चारचौघांत बोलण्यास त्याची जीभ रेटत नाहीं. खर्च कचेरीनेंच सोसावा हें उत्तम; तें न जमल्यास पगाराच्या मानानें वर्गणी घ्यावी. न येणाऱ्याचा जाब विचारूं नये. आणि रोज चहा आणून देणाऱ्यास त्या दिवशीं वाढपी न करतां पंक्तींत बसवावें.

तिसरा विचार अन्नाचा, आणि येथें आमच्या गृहिणींचा अनुभव मोलाचा आहे. शिजलेलें अन्न सुमारें ५ ते ६० अंश उष्णतेच्या दरम्यान राहिलें कीं त्यांत जंतू झपाट्यानें वाढतात. म्हणून तें दोन तासांहून अधिक काळ तसें उघडें ठेवूं नये. निवलेल्या भातांत वाढणारे कांहीं जंतू तर असें विष निर्माण करतात कीं भात पुन्हां तापविला तरी तें जात नाहीं. भाषणें लांबतात आणि मसालेभात मांडवांत निवत बसतो, हा अनुभव कोणास नाहीं? यास्तव भाषणें आधीं उरकावीं व अन्न मागाहून आणवावें. शाकाहारी पदार्थांचे डाव निराळे ठेवावे. कोणत्या पदार्थांत शेंगदाण्याचें कूट वा काजू आहेत तें चिठ्ठीवर लिहावें. कांहीं प्रकृतींस एवढेंसें कूटही जिवावर बेततें.

चौथा विचार मद्याचा. याविषयीं घरोघर मतें निरनिराळीं आहेत. परंतु ज्याला नको त्याला आग्रह करूं नये, याविषयीं दुमत नसावें. आपल्याकडे आग्रह जिलबीचा करतात, पेल्याचा नव्हे. ‘साहेबांनीं दिला म्हणून घेतला’ असें कोणाही नवख्या मुलास म्हणावें लागूं नये. त्यासाठीं साहेबांनींच आधीं सरबत उचलावें. कॉफीनें झोंप उडते, नशा उतरत नाहीं. ती उतरण्यास वेळच जावा लागतो. १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां वाहन हांकणें हा आपल्या कायद्यानें गुन्हा आहे. घेणाऱ्यांच्या किल्ल्या आधींच एकानें ताब्यांत ठेवाव्या व परतीचीं वाहनें ठरवूनच निमंत्रणें काढावीं.

स्त्रियांच्या लैंगिक छळास आळा घालणारा २०१३ चा कायदाही येथें ध्यानीं धरावा. कामाच्या निमित्तानें जेथें जावें लागतें तें ठिकाण आणि मालकानें दिलेलें वाहन हींही त्या कायद्याच्या दृष्टीनें कामाचींच जागा होत. १० किंवा अधिक माणसें जेथें काम करतात तेथें तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तेव्हां ‘ती मेजवानी होती, तेथें थट्टा चालतेच’ ही सबब लटकी आहे. सुनेनें घरीं येऊन कांहीं सांगितलें, तर ‘मग गेलीसच कशाला?’ हा प्रश्न वडील माणसांनींही तोंडांतून काढूं नये. असा एक प्रश्न विचारला कीं पुढच्या वेळीं ती कांहींच सांगत नाहीं.

या साऱ्यांतून आमची एक साधी सूचना निघते. मेजवानी रात्रीं न करतां कामाच्या दिवशीं दुपारीं करावी. लहान मुलांच्या आयांस येतां येतें, शेवटच्या गाडीची धांवपळ राहत नाहीं, पेल्यांचा प्रश्न बहुधा आपोआप मिटतो, आणि अन्नही ताजें मिळतें. रात्रींच करणें भाग असेल, तर संयोजकानें नांवांची यादी जवळ ठेवावी. लग्नघरचा यजमान शेवटची गाडी पोंचल्याचा निरोप येईपर्यंत अंथरुणास पाठ टेकीत नाहीं. कचेरीच्या यजमानानेंही यादींतील शेवटच्या नांवापुढें ‘पोंचली’ अशी खूण होईपर्यंत जागें राहावें.