जमीन आमची, थांबा कोणाचा?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा, स्थानके बारा. त्यातली महाराष्ट्रात चार : वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. बोईसरनंतर गाडी थांबणार ती थेट वापीला. मधल्या डहाणू-तलासरीच्या आदिवासींनी जमीन द्यायची, झाडे द्यायची. थांबा मात्र नाही.

‘ठाणे’ स्थानक तरी ठाण्यात कुठे आहे? ते दिव्याजवळच्या म्हातार्डीला. कडेवर मूल, हातात पिशव्या आणि रात्रीची वेळ, अशा बाईने तिथून घर कसे गाठायचे? गाडीत वाचणारी मिनिटे मोजली गेली. गाडीपर्यंत पोचायला लागणारी कोणी मोजली? मुंबईतले स्थानकही कचेऱ्या आणि बँकांच्या संकुलात. म्हणजे प्रवासी कोण हे आधी ठरले, नकाशा नंतर काढला गेला.

डहाणूहून पहाटेच्या लोकलने भाजी, मासळीच्या पाट्या घेऊन निघणारी बाई या नकाशात प्रवासी नाहीच. तिला हव्यात जादा लोकल, बायकांचे जादा डबे, फलाटावर दिवे आणि वापरण्याजोगी संडास-मुतारी. त्यासाठी पैसा नसतो. बुलेट ट्रेनसाठी मात्र २०१७ साली भूमिपूजन झाले तेव्हाच एक लाख कोटींहून मोठा अंदाज होता आणि जपानचे कर्जही मिळाले.

‘तुम्ही विकासाच्या आड येता,’ असे आपल्याला ऐकवले जाते. पण विचारले कोणाला? अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा, असे १९९६ चा पेसा कायदा सांगतो. पालघरमधल्या अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. तरी रेघ हलली नाही.

त्यात सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर. मोबदला त्याच्या खात्यात जातो. सरपण, पाणी, रानभाजी यांसाठी लांब चालणे बाईच्या वाट्याला येते. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायकांना स्वतंत्र कुटुंब मानावे, असे २०१३ चा भूसंपादन कायदा म्हणतो. मोबदल्याच्या यादीत अशा किती जणींची नावे आहेत?

जमीन संपादन पूर्ण झाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. म्हणून गप्प बसायचे नाही. गावोगावच्या गटांनी या याद्या मागाव्यात, तपासाव्यात. मुंबई-नागपूर, मुंबई-हैदराबाद असेही वेगवान मार्ग प्रस्तावित आहेत. तिथे रेघ ओढली जाण्याआधीच बायकांनी ग्रामसभेत उभे राहून विचारायला हवे : गाडी आमच्या शेतातून जाणार, तर ती थांबणार कोणासाठी?