फुलावरचा पाहुणा

रानफुलावर बसलेली माशी पाहण्यासाठी सहसा कोणी थांबत नाही. फुलाचे कौतुक होते आणि माशी हाकलली जाते. परंतु तीच माशी छायाचित्रकाराच्या भिंगातून पाहिली, म्हणजे निराळीच सृष्टी डोळ्यांपुढे उभी राहते. तिचे डोळे असंख्य बारीक घरांचे बनलेले दिसतात, पंखांतील शिरांचे जाळे उमटते आणि अंगावरच्या केसांत अडकलेले परागकणही वेगवेगळे ओळखता येतात. अशा छायाचित्रणास मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. त्यात कीटकाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आतील फलकावर मूळ आकाराएवढी, क्वचित त्याहूनही मोठी पडते.

ही कला दिसते तितकी सोपी नाही. भिंग कीटकाच्या जितके जवळ न्यावे, तितकी स्पष्ट दिसणारी जागा अरुंद होत जाते. ती जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर उरते. डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर होतो, आणि पंख साधावा तर डोळा हरवतो. यावर हल्ली एक तोड निघाली आहे. भिंगाचा रोख तसूतसूने पुढे सरकवीत एकाच कीटकाची पुष्कळ चित्रे घ्यावयाची आणि संगणकाच्या साहाय्याने त्यांचे एक चित्र करावयाचे. मात्र तेवढा वेळ कीटकाने जागचे हलता कामा नये, आणि मोहाचा उगम नेमका येथेच आहे. काही हौशी लोक फुलपाखरू किंवा भुंगा पकडून शीतकपाटात ठेवतात, गारठ्याने तो बधिर झाला की त्याला एखाद्या सुंदर फुलावर आणून बसवतात आणि सावकाश चित्रे घेतात. काही जण तर मेलेलाच कीटक फुलाला चिकटवतात.

अडचण जुनी आहे. लंडनच्या रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंच्या चित्रांचा प्रसिद्ध ग्रंथ काढला. त्यासाठी मुंगीचे चित्र काढताना तो अगदी जेरीस आला होता. तिला मारावे तर तिचे अंग आकसे. पाय मेणात रोवावे तर ती सारे अंग पिळवटून घेई. शेवटी त्याने तिला ब्रँडी पाजली! मुंगी निपचित पडली, चित्र निघाले, आणि सुमारे तासाभराने ती शुद्धीवर येऊन पळूनही गेली. हुकने हे सारे त्याच ग्रंथात लिहून ठेवले, वाचकापासून काहीही लपवले नाही. शीतकपाटातून काढलेल्या फुलपाखराचे चित्र मात्र जणू रानातच टिपले, अशा थाटाने मिरवले जाते.

यात क्रूरपणा आहेच. पण त्याहून मोठा दोष असत्याचा आहे. फुलावरच्या कीटकाचे चित्र पाहणाऱ्यास काही सांगत असते. मध पिणाऱ्या फुलपाखराची एरवी गुंडाळलेली सोंड उलगडून फुलात उतरलेली असते. मधमाशीच्या मागील पायांवर परागाचे गोळे असतात. खेकडा कोळी पुढचे पाय फाकून पाकळीवर दबा धरून बसतो, आणि त्याच्या काही जाती तर फुलाप्रमाणे पांढऱ्याच्या पिवळ्या होतात. (कोळी हा कीटक नव्हे, त्याला सहा नव्हे, आठ पाय असतात. पण कीटकांच्या घरी त्याची सदा ये-जा!) आणून बसवलेला कीटक यांपैकी काहीच सांगत नाही. ज्या फुलाकडे तो जन्मात फिरकला नसता, तेच त्याचे अन्न आहे, असा मात्र त्यावरून समज होतो.

शास्त्रज्ञही कीटक मारतात, मग छायाचित्रकारालाच दोष का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. अनेक जाती इतक्या सारख्या असतात की, अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून त्यांतील भेद कळत नाही. म्हणून संग्रहालयात टाचणीला लावलेले कीटक असतात, व प्रत्येकाखाली स्थळ आणि दिनांक यांची चिठ्ठी असते. तो कीटक मेलेला आहे, हे तेथे उघड असते.

खरे पाहता, निसर्गानेच छायाचित्रकाराची सोय करून ठेवली आहे. कीटकाच्या अंगात आपल्यासारखी कायमची ऊब नसते. रात्रीच्या गारव्याने तो आखडतो आणि ऊन लागेपर्यंत दव अंगावर घेऊन स्वस्थ बसून राहतो. म्हणजे शीतकपाटाचे काम पहाट फुकट करते. त्यासाठी केवळ लवकर उठावे लागते. पुढे पाऊल टाकतानाही भान हवे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस फुलांचे गालिचे पसरतात. तेथे एका फुलाच्या चित्रासाठी पालथे पडून पन्नास फुले चिरडणाऱ्यास निसर्गप्रेमी म्हणणे कठीण आहे.

मारिया सिबिला मेरियन या जर्मन मुलीने वयाच्या तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळून त्यांचे निरीक्षण आरंभिले. पुढे 1699 मध्ये, बावन्नाव्या वर्षी, ती मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली. 1705 साली निघालेल्या तिच्या ग्रंथात अळी, कोश आणि फुलपाखरू ही झाडाझुडपांच्या सोबतीने चितारलेली आहेत. कॅमेरा तेव्हा नव्हताच. पण कोणता जीव कोणत्या झाडावर, ही नोंद तिने महत्त्वाची मानली.

सह्याद्रीतील कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि त्या वेळी मधमाश्यांची तिच्यावर झुंबड उडते. आज ती पहिल्यांदा पाहणारी बारा वर्षांची मुलगी पुढच्या बहराच्या वेळी एकोणीस-वीस वर्षांची झालेली असेल. तिच्या जुन्या चित्रामागे स्थळ, दिवस आणि फुलावर आपण होऊन आलेल्या कीटकाचे नाव लिहिलेले असेल, तर यंदा त्यांपैकी कोण आले आणि कोण आले नाही, हे तिला ताडून पाहता येईल.