नांगराविना एक दिवस

गणेशचतुर्थीचा दुसरा दिवस म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी. घरात गणरायाच्या आगमनाचा आनंद असतो, आणि त्याच गडबडीत आपल्या माता-भगिनी ऋषिपंचमीचे व्रत शांतपणे आचरीत असतात. पहाटे आघाड्याच्या काडीने दंतधावन, मग स्नान, कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी व वसिष्ठ या सप्तर्षींचे आणि अरुंधतीचे पूजन, आणि दुपारी ती ऋषीची भाजी. या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न खावयाचे नाही, हा नियम आमच्या आजीने पाळला, आईने पाळला, आणि आजही असंख्य घरांत तो पाळला जातो.

गेल्या वर्षी गणेशोत्सवात कृष्णाकाठच्या एका खेड्यात आमचे कीर्तन होते. आरती झाल्यावर एक तरुण सून पुढे आली आणि म्हणाली, "बुवा, आमच्या रानात चार वर्षं झाली, बैल नाही. नांगरट, पेरणी, सगळं ट्रॅक्टरनं होतं. मग पंचमीला आमच्या घरचा गहू खाल्ला तर चालेल का? त्यात बैलाचा घाम नाही." मंडळी हसली. आम्हीही हसलो आणि "सूनबाई, देवाला फसवायला निघालात होय!" असे म्हणून वेळ मारून नेली. तिची सासू शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "हसू नका, बुवा. वैरणीचा खर्च झेपेना म्हणून जोडी विकली. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. पोरीनं थट्टा नाही केली." आम्ही ओशाळलो. व्यासपीठावर बसणाऱ्याने शंकेचे समाधान करावयाचे असते. आम्ही शंकेची थट्टा केली. ते राहिलेले उत्तर आज या पानावर देत आहोत.

उत्तर असे आहे की ट्रॅक्टरच्या शेतातील गहू या व्रतास चालत नाही. कारण व्रतविधानातील शब्द आहे 'अकृष्ट'. 'कृष्' या धातूचा अर्थ ओढणे, नांगरणे. 'कृषी' हा शब्द त्यापासूनच झाला. अकृष्ट म्हणजे न नांगरलेली भूमी. अशा भूमीत उगवलेल्या शाकभाजीवर तो दिवस काढावा, असे विधान आहे. मग नांगर बैलाने ओढला की इंजिनाने, हा प्रश्नच उरत नाही. नांगरलेल्या जमिनीत पिकणाऱ्या धान्यासाठी 'कृष्टपच्य' असा शब्द आहे आणि तो पाणिनीच्या सूत्रात आलेला आहे. मनुस्मृतीने वानप्रस्थास नांगरटीचे धान्य वर्ज्य केले आहे. कालिदासाच्या शाकुंतलातील आश्रमात नीवार हे रानभाताचे धान्य आढळते. यावरून दिसते की नांगराखाली पिकणारे अन्न आणि भूमीने आपण होऊन दिलेले अन्न यांतील भेद आपल्या पूर्वजांच्या मनात फार प्राचीन काळापासून स्पष्ट होता.

हा भेद का राखला, हे समजण्यासाठी शेतीच्या आरंभाकडे वळले पाहिजे. मनुष्यजातीचे बहुतांश आयुष्य शेतीविना गेले. कंद, फळे, रानधान्ये आणि शिकार यांवर ती जगत होती. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात गहू व जव यांची लागवड सुरू झाली. रानगव्हाची लोंबी पिकली की दाणे आपोआप गळतात आणि जमिनीत रुजतात. परंतु काही थोड्या रोपांचे दाणे लोंबीलाच धरून राहतात. कापणी करणाऱ्याच्या हाती तेच अधिक आले, त्यानेच ते पुढच्या वर्षी पेरले, आणि शेकडो पिढ्यांनंतर असा गहू तयार झाला की जो माणसाने मळल्या-पेरल्यावाचून स्वतः वाढू शकत नाही. माणूस धान्यावर अवलंबून राहिला आणि धान्य माणसावर. तेव्हापासून या दोघांचा संसार एकत्र चालला आहे.

आरंभी हाती असे ते टोकदार काठी व कुदळ. बैल आणि नांगर पुष्कळ पुढे आले. राजस्थानात कालीबंगा येथे उत्खननात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे नांगरलेले शेत सापडले आहे. त्यात सऱ्या आडव्या-उभ्या आहेत. एका दिशेस जवळजवळ, दुसऱ्या दिशेस दूरदूर. त्याच परिसरातील शेतकरी आमच्या काळातही तशाच सऱ्यांत हरभरा व मोहरी एकत्र घेत, हे उत्खनन करणाऱ्यांनी नोंदविले आहे. एका शेतात दोन पिके घेण्याचे शहाणपण इतके जुने आहे.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर अधिक विचार करावयास लावणारे आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ पासून अनेक वर्षे तेथे उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांची भरलेली वस्ती होती. जव हे त्यांचे मुख्य पीक होते, पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी पाट व बांध घातला होता, आणि त्यांची घरे प्रशस्त चौकोनी होती. पुढे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, घरे लहान व वाटोळी झाली, शेती खालावली आणि लोक गुराढोरांवर व शिकारीवर अधिक विसंबू लागले. अखेर वस्ती उठली. पाऊसमान घटले हे त्याचे प्रमुख कारण, असे संशोधकांनी मांडले आहे. नांगर हाती असला म्हणजे अन्न हाती आले, असे नव्हे. पाणी आणि माती रुसली की नांगर कोपऱ्यात पडतो.

व्रताच्या कथेतही नांगराचा बैल आहे. सुमित्र नावाचा ब्राह्मण मृत्यूनंतर स्वतःच्याच मुलाच्या घरी बैल होऊन येतो आणि त्याची पत्नी कुत्री होऊन. पित्याच्या श्राद्धाच्या दिवशी मुलगा त्याच बैलाला दिवसभर नांगराला जुंपतो आणि उपाशी ठेवतो. रात्री दोघे आपसांत बोलतात, मुलगा ते ऐकतो आणि त्याचे डोळे उघडतात. कथेत या जन्माचे कारण म्हणून स्त्रियांच्या विटाळाचा दोष सांगितला आहे. त्याचे ओझे आजच्या लेकीसुनांवर ठेवावे, असे आम्हांस वाटत नाही. आमच्या मनात राहतो तो उपाशी बैल. ज्याच्या श्रमावर घर जेवते, त्यात आपला पिताही असू शकेल, हे त्या मुलास उशिरा कळले.

'कृषिपराशर' या जुन्या संस्कृत ग्रंथात एका नांगरास आठ बैल राखणे धर्म्य म्हटले आहे. सहा राखणारा केवळ पोटासाठी शेती करतो, चार राखणारा निर्दय, आणि दोनच बैलांवर सारा भार टाकणाऱ्याची तर तेथे कठोर निंदा आहे. आठ बैल पाळीपाळीने जुंपले की प्रत्येकास विसावा मिळतो. किती घ्यावे याला मर्यादा आहे, हा त्यातील धर्म होय.

येथे कोणी म्हणेल की बुवा आम्हांस रानकंदांकडे परत नेऊ पाहतात. तसे नाही. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी वयाचे होतो. रेशनवरील तांबड्या मिलोच्या भाकरीची चव आम्ही विसरलेलो नाही. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे ५ कोटी टन अन्नधान्य पिकले होते; २०२२-२३ मध्ये सुमारे ३३ कोटी टन पिकले. सुधारित बियाणे, धरणे, रासायनिक खते आणि शेतकऱ्यांचे कष्ट यांनी हे साधले. त्यास नावे ठेवणारा भरल्या पोटी बोलतो.

परंतु बैल सुटला म्हणून भार नाहीसा झाला, असे मानणे ही मात्र भूल आहे. तो भार आता मातीवर, विहिरीवर आणि शेतकऱ्याच्या कर्जखात्यावर पडला आहे. गोठा रिता झाल्याने शेणखत आटले. तेच पीक त्याच जमिनीत वर्षानुवर्षे घेतल्याने तिचा कस जातो. उसास पाणी पुरविता पुरविता विहिरी तळ गाठतात. इंचभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ती एका मोठ्या पावसात वाहून जाते. अथर्ववेदातील भूमिसूक्तात भूमी खणणारा तिची जखम लवकर भरून यावी अशी इच्छा करतो. आज आपण खणतो, पण ती इच्छा करावयास विसरतो.

म्हणून हे व्रत आम्हांस आज अधिक आवश्यक वाटते. वर्षातून एक दिवस नांगराविना जेवून पाहिल्याने उरलेल्या दिवसांच्या ताटाची किंमत कळते. नियम अवघड नाही. परसात, गच्चीवर, कुंडीत, जेथे जागा असेल तेथे अळू, माठ, दोडका यांपैकी एक तरी वेल वा रोप हाताने लावावे आणि पंचमीच्या भाजीत त्याचा वाटा असावा. भाजीत पडणारे मक्याचे कणीस व तांबडा भोपळा ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील, १४९२ नंतरच इकडे आलेली. आपल्या आज्यांनी त्यांना परके मानले नाही; हाताने लाविले म्हणून ती चालली. व्रताचा जीव हाताच्या श्रमात आहे. पुढच्या वर्षासाठी त्या भाज्यांचे बी राखावे. गौरी-गणपतीचे निर्माल्य नदीत न टाकता खड्ड्यात कुजवून त्याच मातीस द्यावे. ज्यांची शेती आहे त्यांनी डाळवर्गीय पिकाचा फेरपालट आणि शेणखताची एक तरी गाडी हे पूजेचेच अंग मानावे. आणि नगरात राहणाऱ्यांनी पंचमीस बाजारात भाजीवाल्या मावशीशी चार-आठ आण्यांसाठी घासाघीस करावी तशी रुपयांची करू नये. जिने हाताने ती भाजी पिकविली, तिचे व्रत तर वर्षभर चाललेले असते.

त्या सूनबाईंना आमचे सांगणे इतकेच. बाई, तुमच्या घरचा गहू पवित्रच आहे, उरलेले सारे दिवस तो आनंदाने खा. पंचमीच्या दिवशी मात्र तो डब्यातच राहू द्या. तुमच्या रिकाम्या गोठ्याशेजारी जमिनीचा एक तुकडा असेल. बैलाचे खुंटे जेथे होते, त्या मातीत वर्षानुवर्षांचे शेण मुरलेले आहे. तेथे कुदळीने आळे करून भोपळ्याची एक बी लावा. यंदा श्रीगजाननाच्या कृपेने पुन्हा तिकडे येणे झाले तर ती भाजी आम्ही आपल्या घरी मागून जेवू, आणि गेल्या वर्षीच्या हसण्याची क्षमाही मागू.