ऑईल बदललंय, पण आहे किती?

दोन चाकं : सारथी

मोटारसायकलच्या ऑईलबद्दल लोक मला दोनच प्रश्न विचारतात. कुठल्या कंपनीचं घालू, आणि किती किलोमीटरला बदलू? दोन्ही रास्त आहेत. पण आत्ता या घडीला तुमच्या गाडीत ऑईल आहे किती, हे कुणी विचारत नाही. इंजिनाच्या दृष्टीने पहिला प्रश्न तोच आहे. महागडं सिंथेटिक ऑईल निम्मं उरलेलं असण्यापेक्षा योग्य ग्रेडचं साधं मिनरल ऑईल खुणेपर्यंत भरलेलं केव्हाही चांगलं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फिटरकडे नुकतीच एका दूधवाल्या मामांची स्प्लेंडर खोललेली पाहिली. हेड काढून फळीवर ठेवलं होतं. कॅमच्या उंचवट्यांवरून बोट फिरवलं तर चर हाताला लागत होते. रॉकरचा घासणारा भाग खरवडलेला, आत सगळीकडे काळपट थर बसलेला, पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे. ड्रेन बोल्ट काढल्यावर ट्रेमध्ये जेमतेम तळ झाकेल एवढं ऑईल पडलं, आणि तेही डांबरासारखं.

“मामा, ऑईल कधी बघितलं होतं?”

“बघायचं काय त्यात? दर सर्व्हिसिंगला बदलतोय की.”

मामा खोटं बोलत नव्हते. ऑईल ते खरोखरच वेळच्या वेळी बदलत होते. पण बदलणं वेगळं आणि बघणं वेगळं, हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. रिंगा घासल्या होत्या, गाडी ऑईल खात होती. निळसर धूर पडत असणार, पण मामा पहाटे अंधारात कॅन बांधून निघतात, धूर दिसणार कुणाला? टायमिंग चेन वाजायला लागली तेव्हा त्यांना वाटलं, गाडी जुनी झाली, आवाज करणारच. आता बोअर, पिस्टन, रिंगा, कॅम, रॉकर, पॅकिंगचा सेट आणि मजुरी. शिवाय गाडी फिटरकडे असेपर्यंत दूध घालायला दुसऱ्याची गाडी मागून आणायची. हे सगळं एका चिंधीत आणि दोन मिनिटांत टळलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मुळात शंभर सीसीच्या गाडीत ऑईल असतं तरी किती? बदलताना लिटरभरही लागत नाही, आठशे-नऊशे मिलिलिटरचा मामला. कारच्या इंजिनात तीन-चार लिटर असतं आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं. मोटारसायकलमध्ये हेच एवढंसं ऑईल इंजिनालाही, गिअरलाही आणि क्लचच्या प्लेटांनाही पुरवायचं. त्यात इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणजे उष्णता वाहून नेण्याचं कामही बरंचसं त्याच्याच गळ्यात. आणि कारमध्ये निदान ऑईलचा लाल दिवा तरी लागतो. आपल्याकडच्या बहुतेक शंभर-सव्वाशेच्या गाड्यांना तो दिवाच नाही. पंप हवा ओढायला लागला, हेडला ऑईल पोचेनासं झालं, तरी मीटरवर काहीही दिसत नाही. सांगणारी एकच वस्तू त्या गाडीत आहे, ती म्हणजे झाकणाला लावलेली गेजची काडी.

आता साधा हिशेब करू. एखादी गाडी हजार किलोमीटरला शंभर मिलिलिटर ऑईल खाते असं धरा. वापरलेल्या गाडीला हे काही जगावेगळं नाही. तीन हजारांपर्यंत तीनशे गेलं. आठशेमधलं तीनशे म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. उरलेल्या पाचशेवर सगळा भार, त्यामुळे ते आणखी तापतं आणि आणखी लवकर जळतं. घाटात चढावर पंपाच्या तोंडाशी ऑईल राहील याचीही खात्री नाही. काही कंपन्यांच्या वेळापत्रकात सहा हजारांवर बदल आणि मध्ये तीन हजारांवर टॉप-अप, असं लिहिलेलं असतं. बदल लोकांच्या लक्षात राहतो, मधला टॉप-अप राहत नाही. पातळी घटणार हे गाडी बनवणाऱ्यालाही माहीत आहे, म्हणून तर तो शब्द तिथे आहे.

ऑईलला रोज हात लावणारी पिढी आपल्याकडे होऊन गेली. राजदूत आणि जुनी चेतक चालवणारे पेट्रोलबरोबर ऑईल मापून घालत. आरएक्स १०० ला ऑईलची टाकी वेगळी होती, ती संपली की पिस्टन धरणार हे पोराटोरांनाही ठाऊक असे. मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, फोरस्ट्रोक गाड्यांचा जमाना सुरू झाला, आणि टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. ती पेट्रोलबद्दल होती आणि त्या बाबतीत खरी होती. आपण मात्र विसरण्याची सवय ऑईललाही लावून घेतली. फोरस्ट्रोकचं ऑईल पेट्रोलबरोबर जळायचं नसतं, म्हणून ते कमीच होत नाही, असा समज पसरला. अजूनही आहे.

बघायची रीत सोपी आहे, पण चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा साईड स्टँड. त्यावर गाडी डावीकडे कलते, ऑईल डावीकडे जातं, आणि गेज किंवा पातळी दाखवणारी काच बहुतेक गाड्यांना उजवीकडे. म्हणजे ऑईल पुरेसं असूनही कमी दिसणार, आणि माणूस वरून ओतणार. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडलाच हवी. इंजिन तीन ते पाच मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे वर गेलेलं ऑईल खाली उतरतं. लांबून आल्या आल्या लगेच काडी काढली तर कमी दिसेल, शिवाय हात भाजेल.

दुसरी जागा काडीच. पहिल्यांदा काढली की पुसायची. त्या वेळी दिसलेली खूण धरायची नाही, कारण चालत्या इंजिनात तिच्यावर ऑईल उडालेलं असतं. पुसून पुन्हा आत घालायची. स्प्लेंडरच्या जातीच्या गाड्यांत ती फिरवून आवळायची नाही, आट्यांवर नुसती टेकवायची आणि बाहेर काढायची. आवळली तर ती आणखी खोल जाते आणि आहे त्यापेक्षा जास्त ऑईल दाखवते. पण सगळ्याच गाड्यांना हा नियम नाही, काहींमध्ये पूर्ण आवळूनच मोजायचं असतं. इथे अंदाज उपयोगाचा नाही, गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये ओला डाग हवा, वरच्या खुणेकडे झुकलेला. पल्सरसारख्या गाड्यांना काडीऐवजी उजव्या कव्हरवर गोल काच असते. तिथे काढायचं-घालायचं काही नाही, फक्त चिखलाने माखलेली काच आधी पुसा आणि डोळा तिच्या पातळीत आणा. वरून वाकून बघितलेलं चुकीचं ठरतं.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं प्रकरण मात्र निराळं आहे आणि त्यावर थांबायलाच हवं, कारण त्या गाड्या प्रेमाने जपणारेच तिथे फसतात. त्या इंजिनाला ऑईलची टाकी वेगळ्या कप्प्यात, एक पंप तिथून पुरवठा करणार, दुसरा क्रँककेसमध्ये साचलेलं परत टाकीत टाकणार. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑईल पंपातून हळूहळू पाझरत क्रँककेसमध्ये उतरतं. मग काडीवर काहीच दिसत नाही. हौशी मालक घाबरून पाव-अर्धा लिटर ओततो, किक मारतो, आणि थोड्या वेळाने ब्रीदरच्या नळीतून ऑईल बाहेर यायला लागतं. अशा बुलेटला आधी सुरू करा, काही मिनिटं चालू द्या, परतीच्या पंपाला त्याचं काम करू द्या, बंद करून मग मोजा. गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेनकेसचं ऑईलही तिथे वेगवेगळं, तेही बघा. २००८-०९ पासून आलेल्या युसीई, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या, इंजिनांत हा सगळा वेगळेपणा संपला आणि उजवीकडे काच आली.

जास्त ऑईल म्हणजे जास्त सुरक्षा, हा समज कमी ऑईलइतकाच घातक आहे. वरच्या खुणेच्या पुढे गेलं की फिरता क्रँक त्यात आपटतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑईलला धड वंगण करता येत नाही. आत दाब वाढतो, ऑईल ब्रीदरमधून एअर फिल्टरला जाऊन तो भिजवतं, सील रडायला लागतात. सर्व्हिसिंगच्या वेळी बाटली फोडली की ती उलटी धरून संपवायची, ही आपल्याकडची पद्धत. बाटल्या आठशेच्या, नऊशेच्या, लिटरच्या मिळतात. तुमच्या इंजिनाला किती लागतं हे न बघता ती संपवणं म्हणजे निव्वळ हलगर्जीपणा. उरलेलं ऑईल मागून घ्या, बूच लावून घरी ठेवा. टॉप-अपला तेच उपयोगी पडतं.

न घालताच पातळी वाढलेली दिसली तर ती कमी होण्याहून मोठी धोक्याची खूण समजा. काडीचा वास घ्या. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत फ्लोटची सुई नीट बसली नाही आणि कॉक उघडा राहिला, तर पेट्रोल इंजिनात उतरतं आणि ऑईल पातळ करतं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस ६ चे प्रदूषणाचे नियम आले, बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर राहिला नाही. पण रस्त्यावर जुन्या गाड्या भरपूर आहेत. ऑईल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. या दोन्ही वेळी वरून ऑईल घालून काही होत नाही, आहे ते काढून कारण शोधावं लागतं.

हे सगळं गाडी चालवणाऱ्याला यायला हवं. पण त्याला कोण शिकवतं? शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत वाहतुकीची चिन्हं विचारतात, अपघातानंतर काय करायचं ते विचारतात, बिनफाटकाचं रेल्वे क्रॉसिंग आणि सोबत ठेवायची कागदपत्रं विचारतात. सगळं आवश्यकच आहे. गाडीचं ऑईल कुठे बघतात, हा प्रश्न त्यात नाही. शोरूममध्ये नव्या गाडीला हार घालतात, पेढे देतात, फोटो काढतात, किल्ली हातात ठेवतात. त्या अर्ध्या तासात गेज काढून दाखवायला कुणालाही अडचण नाही. फ्री सर्व्हिसिंगची कुपनं हातात पडली की माणूस समजतो, आता इंजिन ही कंपनीची जबाबदारी. कुपनं संपतात आणि गाडी पुढे दहा-पंधरा वर्षं चालते.

कंपन्यांबद्दलही माझी एक स्पष्ट तक्रार आहे. केटीएम ड्यूक, यामाहा आर १५ यांसारख्या गाड्यांना डबल स्टँडच नाही. वजन वाचतं, गाडी दिसते छान, मान्य. पण मग ऑईल बघायला गाडी सरळ धरणारा दुसरा माणूस लागतो, आणि एकटा माणूस बघायचं सोडून देतो. जी तपासणी पुस्तकात मालकाच्या माथी मारली आहे, ती एकट्या मालकाला करता येईल अशी गाडी बनवणं हे कंपनीचं काम आहे. आणि नव्या गाड्यांच्या मीटरवर फोन आल्याचं कळतं, रस्ता दिसतो, तर ऑईलचा दिवा स्वस्तातल्या गाडीलाही का नसावा?

सर्वांत जास्त गरज आहे ती गाडीवर पोट असलेल्यांना. पुण्या-मुंबईत घरपोच जेवण पोचवणारी पोरं दिवसभर गाडीवर असतात. सिग्नलला आणि हॉटेलच्या दारात इंजिन तसंच चालू, काट्यावर किलोमीटर पडत नाहीत पण ऑईल तापत असतं. त्यांनी किलोमीटरच्या भरवशावर राहूच नये, दर आठवड्याला सुट्टीच्या किंवा कमी कामाच्या दिवशी काडी बघावी. ज्या कंपन्या त्यांच्याकडून काम करून घेतात, त्यांनी पहिल्या दिवशीच्या प्रशिक्षणात पिशवी कशी धरायची याबरोबर हेही शिकवावं. इंजिन बसलं की त्या पोराची कमाई त्याच दिवशी बंद होते.

टॉप-अप करताना हमखास येणारी शंका म्हणजे आतलं एका कंपनीचं, हातातलं दुसरीचं, चालेल का? ग्रेड तोच असेल आणि बाटलीवर जासो एमए किंवा एमए २ लिहिलेलं असेल तर चालेल. कमी ऑईलवर गाडी चालवण्यापेक्षा ते शंभरपट बरं. कारचं ऑईल मात्र घालू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी क्लच घसरू शकतो. ऍक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिचं ऑईल एमबी जातीचं. ते मोटारसायकलला नाही. एकदम ओतू नका, थोडं घाला, थांबा, पुन्हा मोजा. किती घातलं आणि काट्यावर किती किलोमीटर होते ते पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. दोन-तीन नोंदी झाल्या की गाडी किती ऑईल खाते हे तुमच्याकडे कागदावर येईल, आणि तो आकडा वाढताना दिसला की रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघायला गाडी फिटरकडे न्या. तेव्हा खर्च थोडक्यात निभावतो. आणि बदललेलं जळकं ऑईल गटारात किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. ज्या गॅरेजमध्ये ते पिंपात साठवून अधिकृत घेणाऱ्याला देतात, तिथेच ते द्या.